वाद, जल्प आणि वितंडा

चार वाचणारीं माणसें एकत्र येऊन एखादें वाचकमंडळ काढतात, तेव्हां वर्गणी किती, बैठक कोणत्या वारीं आणि पुस्तक कोणीं निवडावयाचें, हें ठरतें न ठरतें तोंच आणखी एक नियम बहुधा एकमतानें संमत होतो. तो नियम म्हणजे धर्माविषयीं चर्चा करूं नये. नियम करणाऱ्यांचा हेतु वाईट नसतो. पूर्वीं केव्हांतरी कोणा दोघांची जुंपलेली असते, तिसऱ्या कोणीतरी त्या आगींत मुद्दाम तेल ओतलेलें असतें, आणि दोन चांगले वाचक कायमचे मंडळ सोडून गेलेले असतात. पण या नियमानें मंडळाचें कपाट अर्धें रिकामें होतें, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्ञानेश्वरी बाहेर काढावी लागते, तुकोबांची गाथा काढावी लागते. महानुभावांचे ग्रंथ, फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण, लोकहितवादी, फुले, आगरकर, वामन मल्हार, आंबेडकर हे सगळे त्यांच्यामागून जातात. राहतात तीं प्रवासवर्णनें व विनोदी कथा. आणि त्यांतूनहि तीर्थयात्रांचीं वर्णनें वगळावीं लागतील तीं निराळींच!

धर्माची चर्चा नको म्हणणाऱ्यास खरोखर वादाचा कंटाळा आलेला नसतो. त्याला कंटाळा आलेला असतो तो वितंडेचा. हे दोन शब्द आपण आज एकाच अर्थीं, किंबहुना 'वितंडवाद' असे जोडूनच वापरतों, आणि घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार स्पष्टपणें निराळे केलेले आहेत. तत्त्वाचा निर्णय व्हावा म्हणून दोन पक्ष प्रमाणें व तर्क यांच्या आधारें बोलतात, तो वाद. जिंकण्यासाठीं बोलतात, आणि जिंकण्याकरितां शब्दच्छलासारखीं हत्यारें उचलावयास कचरत नाहींत, तो जल्प. आणि जेथें बोलणारा स्वतःचा असा पक्षच मांडीत नाहीं, समोरच्यानें जें म्हटलें असेल तें मोडावयाचें एवढाच ज्याचा उद्योग, ती वितंडा. छलाचीं उदाहरणेंहि भाष्यकार वात्स्यायनानें मोठीं मार्मिक दिलीं आहेत. एका मुलानें नवें कांबळें पांघरलें आहे असें कोणी म्हटलें, कीं संस्कृतांतील 'नव' शब्दाचा दुसरा अर्थ धरून, याच्याजवळ नऊ कांबळीं कोठें आहेत, असें विचारावयाचें! दीड हजार वर्षांपूर्वींचा हा प्रश्न विचारणारा गृहस्थ आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. प्रत्येक मंडळांत तो एक तरी असतोच.

येथें एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. स्वतःचा पक्ष न मांडणें एवढीच वितंडेची खूण धरली, तर नागार्जुन आणि 'खंडनखंडखाद्य'कार श्रीहर्ष हे दोघेहि तींत सांपडतात. नागार्जुनानें तर आपली अशी कोणतीच प्रतिज्ञा नाहीं, असें उघड सांगून टाकिलें आहे. पण या दोघांचें खंडन वाचतांना, समोरच्या मताची एकेक शीर त्यांनीं किती बारकाईनें चांचपून पाहिली आहे, हें दिसल्यावांचून राहत नाहीं. म्हणून जुन्या व्याख्येंत एक लहानशी भर घालण्याचें धाडस मी करतों. ज्याला उत्तर नको आहे, तो वैतंडिक. प्रश्न विचारल्यावर तो उत्तराकडे पाहत नाहीं. उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. ही कसोटी हातीं घेऊन गेल्या दोनशें वर्षांतील आपल्या धर्मवादाचें वाङ्मय चाळलें, तर निकाल जरा अनपेक्षित येतात.

प्रथम मिशनऱ्यांशीं झालेले वाद घेऊं. १८३१ सालीं मोरभट दांडेकर यांनीं 'श्रीहिंदुधर्मस्थापना' हें पुस्तक काढलें. पुढच्याच वर्षीं डॉक्टर जॉन विल्सन यांनीं त्यास इंग्रजींत उत्तर दिलें. मग साताऱ्याच्या नारायणरावांचें प्रत्युत्तर आलें, आणि १८३४ मध्यें विल्सनसाहेबांनीं दुसरें खंडन छापलें. १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांची सभेमागून सभा झाली. तिचा एक वृत्तान्त जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानें इंग्रजींत प्रसिद्ध केला, आणि दुसरा, बुवांच्या पक्षाचा, त्यांच्या निधनानंतर १८७२ सालीं मराठींत निघाला. एकाच वादाचे असे दोन वृत्तान्त प्रत्येक पक्षानें आपापल्या मंडळीकरितां छापावे, यावरूनच हा जल्प होता हें उघड आहे. या सगळ्या लिखाणांतील मोठा दोष म्हणजे मापाचा. आपल्या धर्मांतलें तत्त्वज्ञान घ्यावयाचें आणि दुसऱ्याच्या धर्मांतल्या गोष्टी घ्यावयाच्या, व दोहोंची तुलना करून आपला जय झाला म्हणावयाचें, हा खेळ दोन्ही बाजूंनीं मनसोक्त खेळला गेला. तरीहि याला वितंडा म्हणवत नाहीं. ही मंडळी एकमेकांचीं पुस्तकें वाचीत होतीं. उत्तराची वाट पाहत होतीं. सभा संपली म्हणजे पुढच्या सभेस पुन्हा येत होतीं.

आणि याच धुमाळींत खऱ्या वादाचेंहि एक उदाहरण घडलें. त्याची आठवण आपण फारशी ठेविली नाहीं. नीलकंठशास्त्री गोरे हे कोंकणस्थ घराण्यांतले, काशींत वाढलेले पंडित. जॉन म्यूर या कंपनीच्या अधिकाऱ्यानें ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारा 'मतपरीक्षा' नांवाचा ग्रंथ १८३९ सालीं संस्कृतांत लिहिला होता. त्याच्या खंडनार्थ गोऱ्यांनीं ऐन विशींत 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. ज्या मतास मोडावयाचें त्याचा अभ्यास करावा लागतो. तो अभ्यास ते करीत राहिले, आणि १८४८ सालीं त्यांनीं स्वतःच ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढें 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्यांनीं आपल्याच पूर्वीच्या पक्षाचें खंडन केलें. त्यांचा हा शेवटचा निर्णय मला पटत नाहीं, आणि माझ्या पुष्कळ वाचकांसहि तो पटणार नाहीं. पण गोऱ्यांच्या दोन्ही ग्रंथांत एकच माणूस दिसतो. आक्षेप ऐकल्यावर तो रात्रभर उराशीं घेऊन बसणारा माणूस. वादांत शिरणारानें आपण हरूं शकतों ही शक्यता मान्य केलेली असते. आजच्या वाचकमंडळांत धर्माचा विषय निघाला म्हणजे नेमकी हीच शक्यता कोणाला नको असते, आणि मग भांडण होतें तें 'भावना दुखावल्या' या सदराखालीं नोंदलें जातें.

आतां जरा नाजूक प्रकरणाकडे वळूं. जोतीराव फुल्यांचें 'गुलामगिरी' १८७३ सालीं प्रसिद्ध झालें. दशावतारांच्या कथा म्हणजे परक्या आर्यांनीं येथील लोकांस जिंकल्याचा झांकून ठेवलेला इतिहास होय, असा त्याचा सिद्धान्त. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादांतून तो मांडला आहे. त्यांतल्या व्युत्पत्ति आज कोणी भाषाशास्त्रज्ञ मान्य करणार नाहीं, आणि भाषा तर जाणूनबुजून राकट आहे. त्याच पुस्तकांत परशुरामाच्या नांवानें लिहिलेलें एक जाहीर पत्र आहे. आपण चिरंजीव आहां असें सांगतात, तर सहा महिन्यांच्या आंत हजर व्हावें, अशी त्यांत मागणी केली आहे. श्रद्धाळु वाचकाला हें पत्र म्हणजे शुद्ध खोडी वाटेल, आणि ती खोडी आहेच. परंतु आपली कसोटी लावून पाहा. या खोडीच्या मागें एक सरळ विधान आहे: जी गोष्ट अक्षरशः खरी म्हणून सांगितली जाते, तिचा अक्षरशः पडताळा मागण्याचा ऐकणाराला हक्क आहे. कोणीहि शास्त्र्यानें पुढें होऊन, चिरंजीवत्व हें लाक्षणिक आहे, असें उत्तर दिलें असतें, तर वादाचें पुढचें पाऊल पडलें असतें. मग दुसऱ्या कोणत्या गोष्टी लाक्षणिक धरावयाच्या, असा प्रश्न जोतीरावांनीं लगेच केला असता. त्यांना उत्तर हवें होतें. त्यांनीं टवाळी केली ती समजुतीची केली.

उत्तर आलें तें विष्णुशास्त्री चिपळूणकरांकडून, 'निबंधमाले'तून. चिपळूणकरांविषयीं माझा आदर जुना आहे. 'विद्वत्त्व आणि कवित्व' किंवा 'इतिहास' यांसारखे निबंध लिहिणाऱ्या हातानेंच आपल्या गद्याला ताठ कण्यानें उभें राहावयास शिकविलें, हें मी वर्गांत सांगत आलों आहें व यापुढेंहि सांगेन. पण फुल्यांच्या लिखाणावर त्यांनीं जीं पानें खर्ची घातलीं, तीं मालेंतील सर्वांत दुबळीं पानें आहेत. फुल्यांचें व्याकरण, त्यांची शब्दयोजना, त्यांचा विद्वत्तेचा अधिकार यांवर उपरोधाचा वर्षाव आहे. वाक्यें खुमासदार आहेत. आणि वाचणारा सदाशिव पेठेंतील वाचक पोट धरधरून हसला असेल यांत शंका नाहीं. पण प्रश्न काय होता? बहुजनांस विद्येपासून पिढ्यान् पिढ्या दूर कोणीं ठेविलें, असा होता. त्याला उत्तर आलें, कीं तुमचें व्याकरण चुकलें! ज्याला शाळेंत येऊं दिलें नाहीं त्याच्या शुद्धलेखनाची परीक्षा घेण्यांत जी क्रूरता आहे, ती एवढ्या तीक्ष्ण बुद्धीच्या लेखकास दिसूं नये, याचें मला दरवेळीं नव्यानें आश्चर्य वाटतें. याला मी वितंडा म्हणणार नाहीं. स्वदेशाभिमान हा चिपळूणकरांचा पक्ष होता, तो त्यांनीं उघडपणें व स्वतःच्या नांवानें मांडला. हा जल्प आहे. मात्र जल्पांतहि प्रतिपक्षाचा मुद्दा कोणता एवढें तरी पाहावें लागतें.

चिपळूणकर १८८२ सालीं वारले. १८८५ मध्यें न्यायमूर्ति रानड्यांनीं मराठी ग्रंथकारांच्या सभेचें निमंत्रण पाठविलें, तेव्हां फुल्यांनीं पत्र लिहून यावयाचें नाकारलें. तुमच्या ग्रंथांशीं आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाहीं, असा त्या पत्राचा आशय. एका गोष्टीमुळेंच दुसरी घडली असें म्हणण्याचें कारण नाहीं. फुल्यांच्या तक्रारी त्याहून जुन्या व खोल होत्या. पण दोन्ही लेख शेजारीं शेजारीं ठेवून वाचले, म्हणजे मराठी वाचकांच्या एका घरांत दोन चुली कशा झाल्या, हें कळावयास लागतें. एका चुलीवरचें अन्न दुसऱ्या चुलीवरच्यांनीं पुढें कितीतरी वर्षें चाखूनहि पाहिलें नाहीं.

मग आपल्या वाङ्मयेतिहासांत खरा वैतंडिक कोण? माझ्या मतें तो गोपाळ विनायक जोशी. डॉक्टर आनंदीबाईंचे पति म्हणून आपण त्यांस ओळखतों. १८८३ सालीं पत्नीस एकटीला अमेरिकेस धाडण्याचें धैर्य ज्यानें दाखविलें, त्या माणसाच्या अंगीं मोठें कार्य करण्याची शक्ति नव्हती असें कोण म्हणेल? १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत शहरांतील पुष्कळ नामांकित मंडळी जमली असतां सर्वांपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणीं चहा घेतला, कोणीं मान राखण्यापुरता पेला हातांत धरून खालीं ठेविला. जमलेल्यांत रानडे होते, टिळक होते. कांहीं काळानें गोपाळरावांनीं त्या मंडळींच्या नांवांची यादी 'पुणें वैभव' पत्रांत छापून आणिली. झालें! सनातन्यांनीं ग्रामण्य उभें केलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी नेमली गेली. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, आणि त्यांच्या अनुयायांस मोठा धक्का बसला. त्या दिवसांत घरोघर काय चाललें होतें, तें रमाबाई रानड्यांच्या आठवणींत वाचावें. ग्रामण्य म्हणजे नुसता शब्द नव्हे. श्राद्धपक्षास भटजी मिळूं नये, लग्नमुंजींत पंक्तीला कोणी बसूं नये, असा तो प्रकार असे. त्याची झळ सभांतून भाषणें करणाऱ्यांपेक्षां स्वयंपाकघरांतल्या बायकांस अधिक लागे.

गोपाळरावांच्या बाजूनें असें म्हणतां येईल, आणि कित्येकांनीं म्हटलेंहि आहे, कीं त्यांनीं छापलें तें खोटें नव्हतें. सुधारक व्यासपीठावर एक बोलतात आणि घरीं दुसरें वागतात, हें ढोंग त्यांनीं चव्हाट्यावर आणिलें. हें खरें आहे. पण ती यादी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढें आणली तरी एक गोष्ट तींतून कळत नाहीं: चहा प्यावा असें गोपाळरावांचें मत होतें, कीं पिऊं नये असें? सनातन्यांचें सोंवळें त्यांना मान्य नव्हतें, हें तर जगजाहीर. मग सनातन्यांच्या हातीं ती यादी कां दिली? सुधारणेचा पक्ष बळकट व्हावा अशी इच्छा असती, तर पिणारांनीं उघडपणें पिण्याचें समर्थन करावें म्हणून लेख लिहितां आला असता. दोन्ही पक्षांस झुंजवून मौज पाहणें याखेरीज दुसरा हेतु त्या यादींतून निघत नाहीं. आपल्या कीर्तनांतला नारदहि कळ लावतो. पण नारदाच्या कळीनें आख्यान पुढें सरकतें, दैत्य मरतो, भक्ताची सुटका होतें. पंचहौदच्या कळीनें काय पुढें सरकलें? शहरांतल्या उत्तम बुद्धीचीं जवळजवळ दोन वर्षें एका पेल्यांत बुडालीं. अस्पृश्यता, स्त्रीशिक्षण, संमतिवय हे प्रश्न दारांत उभे असतांना बिस्किट खाल्लें कीं नाहीं याची साक्ष चालली होती.

कोणी म्हणतात, असल्या कळलाव्यांचें मूळ टोपणनांवांत आहे. प्रत्येकानें खऱ्या नांवानें लिहावें अशी सक्ति केली, कीं वितंडा आपोआप थांबेल. हें मला तितकेंसें पटत नाहीं. गोपाळरावांस सगळें पुणें नांवानिशीं ओळखत होतें. उलट 'लोकहितवादी' हें टोपणनांवच! १८४८ ते १८५० या काळांत भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रांत या नांवानें शंभरावर पत्रें आलीं, आणि स्वजातीवर व रूढ धर्मावर त्यांइतके कठोर फटकारे त्यापूर्वीं मराठींत कोणीं ओढले नव्हते. सरकारी नोकरींतल्या गोपाळराव देशमुखांस नांव झांकून लिहावें लागलें, म्हणून त्यांच्या पत्रांतील एकहि विधान हलकें ठरत नाहीं. बुरख्याआडून बोलणारा काय बोलतो तें पाहावें. बुरख्याची चौकशी मागाहून केली तरी चालते.

भाषेच्या सौम्यतेवरहि आपण फार भिस्त ठेवतों. वामन मल्हार जोश्यांच्या 'रागिणी'ला याचें श्रेय किंवा दोष देतां येईल. त्या कादंबरींतली सुशिक्षित मंडळी वेदान्तापासून स्त्रियांच्या हक्कांपर्यंत सर्व कांहीं अत्यंत सभ्यपणें चर्चितात, आणि दोन पिढ्यांनीं तिच्यावरून चर्चा कशी करावी याचा धडा घेतला. धडा चांगला होता. पण वामनरावांचीं पात्रें पुष्कळदां इतकीं समंजस होतात, कीं कोणाचेंच कांहीं बुडणार नाहीं अशी वाचकास खात्री वाटूं लागते. १९३० सालच्या 'सुशीलेचा देव' या कादंबरींत हा दोष बराच कमी झाला आहे. कारण तेथें देवाची कल्पना बदलते ती एका स्त्रीच्या आयुष्यांतील घडामोडींबरोबर बदलते, आणि प्रत्येक बदलाची किंमत तिला मोजावी लागते.

सौम्यतेचा आग्रह धरणारांनीं एकदां एकनाथांचा 'हिंदु-तुर्क संवाद' वाचावा. सोळाव्या शतकांतली ही रचना आजच्या कोणत्याहि मंडळांत मोठ्यानें वाचूं लागलों, तर पांचव्या मिनिटास चिटणीस घंटा वाजवतील. तुर्क हिंदूच्या दगडाच्या देवावर तुटून पडतो, त्याच्या पुराणांतल्या देवांचीं लफडीं बाहेर काढतो, त्याच्या स्नानाची टिंगल करतो. हिंदूहि कमी नाहीं. देव जर सर्वत्र भरला आहे तर त्याला एवढ्यानें हाक कां मारतां आणि एकाच दिशेस तोंड कां करतां, म्हणून तो विचारतो. देवानें हिंदू निर्माण केला ती काय त्याची चूक झाली, कीं तुम्ही ती दुरुस्त करूं पाहतां, असाहि त्याचा सवाल आहे. यांतला एकहि टोमणा गुळगुळीत नाहीं. परंतु प्रत्येक टोमणा दुसऱ्याच्या ग्रंथांत व आचारांत डोकावून घेतलेला आहे, आणि प्रत्येकाला लगेच तोलाचें उत्तर मिळतें. पैठणासारख्या गांवांत एका ब्राह्मणानें तुर्काच्या तोंडीं हिंदू धर्मावरचे इतके धारदार आक्षेप घालावे, आणि ते लटके पडूं देऊं नयेत, ही साधी गोष्ट नव्हे. हरलेला प्रतिपक्षी रंगविणें कोणासहि जमतें. नाथांनीं तुर्काला हरूं दिलें नाहीं.

रचना म्हणून तिच्यांत उणें काढावयाचें तर शेवटांत काढतां येईल. दोघांचें समाधान होऊन ते एकमेकांस नमस्कार करतात, ही दिलजमाई जरा घाईनें उरकली आहे. मधल्या भांडणांत जी जिवंत बोली आहे ती तेथें मंदावते, आणि वेदान्ताची ठराविक परिभाषा पुढें सरसावते. नाथांस अद्वैताचा निष्कर्ष आधींच ठाऊक होता, म्हणून असें झालें असावें. तरी त्याच्या आधींचीं कडवीं एकवार दोन वाचकांत वांटून, एकानें तुर्काचीं व एकानें हिंदूचीं, अशीं म्हणून पाहावीं. आणि शक्य तर तुर्काचीं कडवीं हिंदु वाचकाकडे द्यावीं.